अपडेट झालं की ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ पुन्हा का येतं, आणि अपडेट बंद करण्याआधी काय तपासायचं

“ताई, ते पुन्हा आलं.”

हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या कानावर येतं. काय आलं ते विचारावं लागत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट अक्षरांत ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ लिहिलेलं असतं, म्हणजे या विंडोजचा परवाना पक्का झालेला नाही. मशीन जुनं, विंडोज सेव्हनचं असेल तर मागचं चित्र जाऊन पाठ काळी झालेली असते आणि त्याच कोपऱ्यात ‘ही विंडोजची प्रत जेन्युइन नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ, तिच्याजवळ ‘बिल्ड ७६०१’. मशीन घेऊन येणारा माणूस निदानही सोबतच आणतो: “रात्री अपडेट झालं न, तवाचं बिघडलं. तुमी ते अपडेटच बंद करून द्या.”

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवते. दाखले, सातबारा, पीक विम्याचे अर्ज हे मुख्य काम. गावात कॉम्प्युटर उघडून पाहणारं दुसरं कोणी नाही म्हणून दुरुस्तीही करते. अपडेट बंद करून द्या म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी नाही म्हणते. काही जण नाराज होऊन यवतमाळला जातात, तिथे कोणीतरी पाच मिनिटांत बंद करून देतं, आणि सहा महिन्यांनी तेच मशीन आणखी वाईट अवस्थेत परत येतं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

दोष अपडेटचा नाही. विंडोज मारताना जे केलं गेलं, ते अपडेटमुळे उघडं पडतं एवढंच.

सहा महिन्यांचं गणित

आपल्याकडे ‘विंडोज मारून देणे’ म्हणजे काय, ते आठवा. पेनड्राइव्ह लावायचा, विंडोजची प्रो किंवा अल्टिमेट आवृत्ती टाकायची, मग डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद करून एक छोटा प्रोग्राम चालवायचा, तीनशे-पाचशे रुपये घ्यायचे. त्या छोट्या प्रोग्रामला सगळे क्रॅक म्हणतात. हा क्रॅक बहुतेक वेळा केएमएसची नक्कल असतो. केएमएस ही मायक्रोसॉफ्टची स्वतःची, कायदेशीर सोय आहे, पण ती कंपन्या आणि विद्यापीठांसाठी. शेकडो मशीन असलेल्या संस्थेत प्रत्येक मशीनने मायक्रोसॉफ्टकडे जाण्याऐवजी संस्थेतल्याच एका सर्व्हरकडून परवाना घ्यायचा. निदान २५ मशीननी विचारणा केल्याशिवाय तो सर्व्हर विंडोजला परवाना देत नाही. दिलेला परवाना १८० दिवस चालतो. दर ७ दिवसांनी मशीन सर्व्हरला विचारतं आणि मुदत पुन्हा १८० दिवसांची होते.

क्रॅक तुमच्याच मशीनमध्ये असा एक खोटा सर्व्हर बसवतो. मशीन त्याला विचारत राहतं, तो हो म्हणत राहतो. मग एखाद्या अपडेटसोबत डिफेंडरची व्हायरसची यादी ताजी होते. डिफेंडर त्या क्रॅकला ‘हॅकटूल’ म्हणून ओळखतो आणि उचलून फेकतो. त्या दिवशी पडद्यावर काहीच फरक दिसत नाही, कारण मुदतीचे दिवस अजून शिल्लक असतात. ते संपले की कोपऱ्यात अक्षरं उमटतात. अक्षय तृतीयेला मारलेली विंडोज दिवाळीच्या आगेमागे बोंबलते, ते यामुळे. आणि ती बोंबलते नेमकी कुठल्यातरी ताज्या अपडेटच्या आसपास, कारण मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची अपडेट सोडतं. तिकडे सकाळ असते, आपल्याकडे रात्र. बुधवारी-गुरुवारी सकाळी मशीन चालू केलं की ते बसतं. माणसाला वाटतं, कालच्या अपडेटनं केलं. खरं तर पाच-सहा महिन्यांपूर्वीच ते होऊन गेलेलं असतं.

काही दुकानदार हुशारी करतात. डिफेंडरला सांगून ठेवतात की या फोल्डरकडे बघू नको. मग क्रॅक टिकतो, पण वर्षाकाठी मोठं अपडेट येतं, ते जवळजवळ नवी विंडोजच जुनीवर अंथरतं. क्रॅकने बदललेल्या फाइली त्याखाली पुसल्या जातात आणि पुन्हा तीच ओळ.

नकली विंडोज शोधणं आजचं नाही. २००८ साली मी तालुक्याच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकत होते, तेव्हा तिथल्या विंडोज एक्सपीवर दर तासाला पाठ काळी व्हायची. आम्ही मुली दर तासाला पुन्हा फुलांचं चित्र लावायचो, आम्हाला तो व्हायरस वाटायचा. पुढे कळलं की मायक्रोसॉफ्टनेच त्या वर्षी नकली एक्सपीसाठी ६० मिनिटांनी पाठ काळी करणारं अपडेट सोडलं होतं. चीनमध्ये त्यावरून मोठा आरडाओरडा झाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये विंडोज सेव्हनसाठी केबी९७१०३३ हे अपडेट आलं. ते सत्तरहून जास्त प्रकारचे क्रॅक ओळखायचं आणि दर ९० दिवसांनी पुन्हा तपासणी करायचं. आजही जुन्या सेव्हनवर ‘ते एक अपडेट काढून टाका, मग येत नाही’ हा सल्ला गावोगाव फिरतो, तो या केबी९७१०३३ बद्दलच असतो.

एक गोष्ट मायक्रोसॉफ्टच्या विरोधातही सांगितली पाहिजे, कारण ती खरी आहे. कधी कधी चूक त्यांचीच असते. ८ नोव्हेंबर २०१८ ला त्यांच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरमध्ये बिघाड झाला आणि रीतसर विकत घेतलेल्या विंडोज १० प्रोवाल्यांनाही ‘तुमच्याकडे होम या खालच्या आवृत्तीचा परवाना आहे’ असा संदेश आला. जानेवारी २०१९ मध्ये सर्व्हरवर केलेल्या एका बदलामुळे कंपन्यांतल्या खऱ्या, केएमएसवर चालणाऱ्या विंडोज सेव्हन नकली ठरल्या. तो बदल मायक्रोसॉफ्टला मागे घ्यावा लागला आणि अशा मशीनवरून केबी९७१०३३ काढून टाका असंही सांगावं लागलं. तेव्हा तुमच्याकडे बिल आहे, विंडोज कंपनीकडूनच आलेली आहे आणि अचानक एका सकाळी संदेश आला, तर लगेच फॉरमॅट मारू नका. इंटरनेट चालू ठेवून एक-दोन दिवस थांबा. पुष्कळदा आपोआप निवळतं.

आधी मशीनलाच विचारा

विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, रनची छोटी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजीत एस, एल, एम, जी, आर ही पाच अक्षरं, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला लागून एक्स, पी, आर असं टाईप करून एंटर मारा. चार-पाच सेकंद लागतात, घाई करू नका. जे उत्तर येईल त्यात ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ असेल तर परवान्याला मुदत नाही. एखादी तारीख दिसली, तर त्या तारखेला काय होणार हे आता तुम्हाला कळलंच.

मग तीच पाच अक्षरं, जागा, तिरकी रेघ आणि एक्स-पी-आरच्या जागी डी, एल, व्ही. यावेळी मोठी खिडकी येते. तिच्यातली वर्णनाची ओळ शोधा. ओईएम लिहिलं असेल तर परवाना मशीन बनवणाऱ्या कंपनीकडून आलेला आहे. रिटेल असेल तर वेगळा विकत घेतलेला. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ लिहिलं असेल आणि मशीन तुमच्या घरचं असेल, तर उत्तर मिळालं. खाली ‘२५९२०० मिनिटं, १८० दिवस’ आणि ‘१००८० मिनिटं’ असे आकडेही दिसतात. हेच ते सहा महिने आणि सात दिवस, मिनिटांत मांडलेले. गेल्या वर्षी एका शिक्षकांना मी हा आकडा दाखवला. त्यांनी खिशातला पेन काढून हाताशी होती त्या वहीवर भागाकार केला, १८० आलं, आणि मग मागच्या तीन पावत्यांच्या तारखा सांगितल्या. तिन्हींत साधारण सहा-सहा महिन्यांचं अंतर होतं.

‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ दिसलं म्हणजे विंडोज शंभर टक्के खरी, असं मात्र नाही. हल्लीचे काही क्रॅक तेही दाखवतात. खरा पुरावा बिल.

तारीख बघितली का?

हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि नव्वद टक्के लोक ते करत नाहीत. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. डेस्कटॉप असेल तर नक्कीच.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर विजा पडतात, म्हणून रात्री मेन स्विच बंद करून प्लग काढून झोपायची सवय आहे. चांगली सवय आहे. पण करंट नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ मदरबोर्डवरच्या एका नाण्याएवढ्या सेलवर चालतं. त्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं, तीन व्होल्टचा. पाच-सहा वर्षांत तो संपतो. मग रोज सकाळी मशीन आपल्या जन्माच्या वर्षात उठतं, २०१२ म्हणा नाहीतर २०१५. तारीख चुकली की बँकेच्या, सरकारी साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, अपडेट अर्धवट अडकतं आणि खरी विंडोजही मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी नीट बोलू शकत नाही. पडद्यावर ॲक्टिव्हेशनची चूक दिसते आणि आपण विंडोजला दोष देत बसतो.

सेल तीस-चाळीस रुपयांना घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मशीनचा प्लग काढा, झाकण उघडा, सेलच्या कडेची छोटी पट्टी नखाने दाबली की तो उडून वर येतो. लिहिलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन तारीख-वेळ घाला. एका किराणा दुकानदाराकडे दीड वर्षात तीनदा विंडोज मारली गेली होती, दोष फक्त या सेलचा होता. त्यांची विंडोज अस्सल होती, ब्रँडेड मशीनसोबत आलेली. फॉरमॅट मारणाऱ्यानं ती काढून नकली घातली होती.

काखेत कळसा

यावरूनच सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येते. माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपांपैकी अर्ध्याहून अधिक असे निघतात की त्यांच्यात खरी विंडोज आधीपासूनच आहे.

विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या लॅपटॉपच्या खाली चावीचं, म्हणजे परवान्याच्या नंबरचं, स्टिकर लावत नाहीत. चावी मदरबोर्डच्या आत, बायोसच्या चिपमध्येच लिहिलेली असते. हार्डडिस्क बदला, दहा वेळा फॉरमॅट मारा, ती जात नाही. फक्त ती ठरावीक आवृत्तीची असते, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपात बहुतेक ‘होम सिंगल लँग्वेज’ची. आता काय होतं? लॅपटॉप मंद झाला म्हणून पोरगं तो तालुक्याला नेतं. तिथला माणूस हाताशी असलेल्या पेनड्राइव्हवरून प्रो मारतो. होमची चावी प्रोला लागत नाही. मग क्रॅक. घरात भरलेली विहीर असताना बाहेरून टँकर बोलावल्यासारखं.

लॅपटॉप घेतला तेव्हाचं बिल शोधा. त्यावर मॉडेलसमोर ‘विन १०’ किंवा ‘विन ११ होम’ असं काही लिहिलं असेल तर चावी आत आहे. ‘डॉस’ किंवा ‘फ्रीडॉस’ लिहिलं असेल तर तो विंडोजशिवाय, म्हणून स्वस्तात मिळालेला आहे, त्यात चावी नाही. बिल हरवलं असेल तर खालच्या बाजूला विंडोजच्या चार चौकटींचं छोटं चिन्ह आहे का बघा.

चावी आत असेल तर उपाय फुकट आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर मीडिया क्रिएशन टूल नावाचा त्यांचाच प्रोग्राम आहे, त्याने निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवून घ्यायची. चार-पाच जीबी डेटा लागतो. मोबाईलच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते एका दिवसात होत नाही, तेव्हा वायफाय असलेल्या नातेवाइकाकडे बसून करा, आणि एकदा बनवलेला पेनड्राइव्ह जपून ठेवा. त्यावरून विंडोज टाकली की ती स्वतःच बायोसमधली चावी वाचते, कुठली आवृत्ती ते विचारतही नाही. इंटरनेट लावा, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन उघडा, ‘डिजिटल लायसन्स’ने चालू झाल्याची ओळ दिसते. सेटिंग्जमधून प्रोची होम करून फाइली जागेवर ठेवता येत नाहीत, सगळं कोरं करूनच टाकावी लागते. म्हणून आधी डेटा काढा. लोक फोटो काढतात आणि टॅलीचा फोल्डर विसरतात. श्रीलिपीचे फॉन्ट, प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर, ब्राउझरमध्ये साठलेले पासवर्ड, डेस्कटॉपवर पडलेल्या पावत्या, हे सगळं वहीत लिहून मगच फॉरमॅटला हात घाला.

मदरबोर्डच बदलला असेल तर गोष्ट वेगळी. वीज पडून बोर्ड जळाला आणि कारागिरानं दुसरा बसवला, की मशीन विंडोजच्या लेखी नवं होतं. रिटेल परवाना असेल आणि तो आधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेला असेल, तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट मध्ये जाऊन ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडला की तो नव्या बोर्डवर आणता येतो. मशीनसोबत आलेला ओईएम परवाना मात्र जुन्या बोर्डसोबतच जातो. वॉरंटीत कंपनीनंच बोर्ड बदलून दिला असेल तर ती गोष्ट त्यांच्याकडूनच करून घ्या.

क्रॅक टाकलेल्या मशीनचं काय

नुसता क्रॅक काढून टाकला आणि खरी चावी घातली, तर चालत नाही का? दिसायला चालतं. पण मी तसं करून देत नाही, कारण क्रॅकनं आणखी काय काय करून ठेवलंय याची खात्री देता येत नाही. निदान हे तरी बघा: विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे मॅनेज सेटिंग्ज, खालच्या बाजूला एक्सक्लूजन्स. ती यादी रिकामी असायला हवी. तिथे एखादा फोल्डर, किंवा आख्खा सी ड्राइव्ह टाकलेला दिसला, तर डिफेंडरला तुमच्या घराचं दार बंद करायला मनाई केली गेली आहे.

आमच्या शेजारच्या गावात लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा आहे. त्याच्या मशीनवर अपडेट दोन वर्षं बंद होतं, कारण ‘अपडेट केलं की फोटोचं सॉफ्टवेअर अन् विंडोज दोन्ही जातात’ असं त्याला सांगितलं गेलं होतं. दोन्ही नकली होते. एप्रिलच्या लग्नसराईत त्यानं फोटोच्या सॉफ्टवेअरचा नवा क्रॅक उतरवला. सकाळी उठून पाहतो तर प्रत्येक फोटोच्या नावाला मागे चार अनोळखी अक्षरं जोडलेली आणि एकही उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक फाइल. त्यात लिहिलेलं: फोटो हवे असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांच्या आत दिले तर ४९०.

मी ती फाइल वाचली तेव्हा तो माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि सारखा म्हणत होता, “ताई, हळदीचे तरी काढून द्या. नवरीच्या आजीचे आहेत त्याच्यात, ती आजी गेली मागच्या हप्त्यात.” मी दोन दिवस प्रयत्न केला. फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या या जातीला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात, क्रॅक आणि चोरीच्या चाव्या बनवणाऱ्या प्रोग्रामांतूनच ती सर्वात जास्त पसरली आहे. तिच्या जुन्या काही प्रकारांची कुलपं उघडणारं एक फुकट साधन आहे, पण त्याच्या फाइलींना ते लागलं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यानं पुढच्या ऑर्डरसाठी पुसलेलं होतं. हळदीचे फोटो मिळाले नाहीत.

तेव्हापासून ‘अपडेट बंद करून द्या’ म्हटलं की मला ती खुर्ची आठवते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा असाच खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, त्याच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच अपडेटमधून दिला होता. ज्यांनी अपडेट घेतलं होतं ते वाचले. विंडोज ११ ॲक्टिव्हेट नसली तरी सुरक्षेची अपडेट येत राहतात, विंडोज १० लाही तिची अपडेट थांबेपर्यंत तशीच येत होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. कोपऱ्यात अक्षरं राहतात, पाठीमागचं चित्र आणि रंग बदलता येत नाहीत. पण क्रॅक टाकून अपडेट बंद केलेल्या चकचकीत मशीनपेक्षा ते अक्षरांचं मशीन कितीतरी सुरक्षित. परवान्याच्या दृष्टीनं तो कायमचा मार्ग नाही, पण चावीची सोय होईपर्यंत क्रॅक टाकू नका, अक्षरं राहू द्या.

सेवा केंद्र, पतसंस्था, झेरॉक्सचं दुकान, शिकवणी चालवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे नकली सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे: ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं, धंद्यासाठी असेल तर ती सवलत नाही. आपल्या केंद्रात लोकांचे आधार, पासबुक, सातबारा जातात. जुलैत विम्याच्या शेवटच्या दोन दिवसांत ओट्यावर तीस-चाळीस माणसं पेरणीचं स्वयंघोषणापत्र हातात धरून उभी असतात. त्या मशीनवर कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधला प्रोग्राम चालू ठेवणं मला पटत नाही, कायदा नसता तरी पटलं नसतं.

चावी नसेल तर

विकत घेणं हा सरळ मार्ग, आणि तो महाग आहे हे मी नाकारत नाही. होमची खरी किंमत दहा हजारांच्या आसपास जाते. कापसाचा भाव बघता शेतकऱ्याच्या घरी पोराच्या अभ्यासासाठी एवढे घालणं सोपं नाही. पण म्हणून ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांत मिळणारी चावी घेऊ नका. त्या बहुतेक कुठल्यातरी कंपनीच्या एकगठ्ठा परवान्यातल्या असतात, एकच चावी शंभर जणांना विकलेली. मर्यादा संपली किंवा मायक्रोसॉफ्टनं ती बंद केली की पुन्हा कोपऱ्यात अक्षरं, आणि विकणारा फोन उचलत नाही.

नवा लॅपटॉप घेत असाल तर डॉसवाला स्वस्त दिसतो म्हणून घेऊ नका. विंडोजसकटचा घ्या. वेगळी चावी घेण्यापेक्षा तो फरक बराच कमी पडतो. नागपूरला बर्डीत कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप मिळतात, त्यांतल्या बऱ्याच मशीनमध्ये प्रोची चावी बायोसमध्येच असते. दुकानातच, पैसे देण्याआधी, वर सांगितलेली डी-एल-व्हीची खिडकी उघडून बघा. केएमएस दिसलं तर दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर कोरी विंडोज टाकून दाखवा.

ज्या घरी फक्त अभ्यास, यूट्यूब, टायपिंग आणि फॉर्म भरणं आहे, तिथे मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकते. फुकट आहे, कायदेशीर आहे, ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर चालतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. आतापर्यंत सात-आठ घरी टाकलं. दोघांनी परत विंडोज मागितली, बाकीच्यांचं चालू आहे. आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेचं बॉस नावाचं लिनक्सही आहे. सेवा केंद्राला मात्र लिनक्सवर भागत नाही. अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच सुखानं चालतं, म्हणून माझ्या केंद्रातल्या दोन्ही मशीनला मी खरी विंडोज घेतली. पहिली घ्यायला तीन हंगाम पैसे बाजूला टाकत होते.

विंडोज सेव्हनवाल्यांना एवढंच सांगते की तिची अपडेट १४ जानेवारी २०२० लाच संपली, तिच्यावर क्रॅक शोधण्यात वेळ घालवू नका. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती मशीनसाठी आणखी एक वर्षाची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तिच्यासाठी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. मशीन विंडोज ११ ला चालतं का ते बघा. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. चालत असेल आणि १० खरी असेल तर ११ फुकट मिळते.

ज्यांना मशीन माझ्याकडे आणायचं आहे त्यांनी चार्जर, खरेदीचं जुनं बिल आणि मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड सोबत आणावा. पासवर्ड आठवत नसेल तर ते खातं ज्या मोबाईल नंबरवर उघडलं होतं ते सिमकार्ड तरी आणा, ओटीपी त्याच्यावर येतो. डेटा ठेवायला रिकामी हार्डडिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह आणा. काम झाल्यावर मी पावतीवर कुठली आवृत्ती टाकली, परवाना बायोसमधला की विकत घेतलेला, आणि अपडेट चालू आहेत, या तीन ओळी लिहून देते. तुमच्या तालुक्यातल्या दुकानदाराकडूनही याच तीन ओळी सहीनिशी मागा. लिहून द्यायला नाही म्हणाला तर मशीन तसंच उचलून आणा.